लॉकडाऊनला कितवीत होतीस?

आमच्या कंपनीच्या गेटला लागून टाइम ऑफिस आहे. त्याच्या खिडकीत अकरा वर्षं एक बाई बसायची. सगळे तिला विजयश्रीताई म्हणायचे. मस्टरवर तेच नाव, गळ्यातल्या कार्डावर तेच, आणि दसऱ्याला मशीनच्या पूजेला हाक मारायचे तीही त्याच नावानं. तिचं खरं नाव दुर्गा. विजयश्री ही तिची थोरली बहीण, आणि तिनं आमच्या कंपनीचं गेटसुद्धा कधी पाहिलेलं नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसून अकरा वर्षं तिच्याबरोबर चहा प्यालो आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी स्वतःला फार चौकस समजतो, म्हणून हे आधीच कबूल करून टाकतो.

मी नागसेन. राहतो दापोडीत, रेल्वे लाइनच्या अलीकडच्या गल्लीत. दुर्गाताईही आमच्याच भागातली, तीन गल्ल्या सोडून. सकाळी आम्ही एकाच कंपनी बसनं भोसरी, मोशी करत चाकणला जायचो. कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवते. म्हणजे प्रेस मशीनवर पत्रा ठेवायचा, वरून साचा आदळतो, भाग तयार होतो. कामगार पुरवतो जयदीप नावाचा ठेकेदार, आणि आम्ही दोघं त्याची माणसं. सोमवारी आणि गुरुवारी खिडकीपुढं नवी पोरं रांग लावायची. ताई आधार कार्ड बघायची, चार प्रश्न विचारायची आणि मान हलवायची. मग मी कॉम्प्युटरवर नाव टाकून गेट पास काढायचो.

गेटवर बोर्ड आहे. 'येथे बालकामगार काम करत नाहीत.' निळ्यावर पांढरी अक्षरं, दर दिवाळीला नवा रंग. रांगेतली पोरं ऊन लागलं की त्याच बोर्डाच्या सावलीत सरकून उभी राहतात. त्यातल्या कित्येकांना अजून मिसरूड फुटलेलं नसतं. हे बघून माझं डोकं फिरतं, पण बोर्डाला त्याचं काही नाही.

कायदा काही वाईट नाही. मी वाचलाय. चौदाच्या आतल्या लेकराला कामाला लावायचंच नाही. चौदा ते अठरा असेल तर धोक्याच्या कामाला नाही. कारखान्यात घ्यायचंच तर डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं, रात्रपाळी नको, प्रेससारख्या मशीनजवळ उभं करायचं नाही. पण एवढी उस्तवार कोण करतो? कंपन्या सरळ सांगतात, अठरा पूर्ण असेल तरच या. मग सोळा वर्षांचं पोर काय करतं, तर अठराचं होऊन येतं. कागदावर एकदा मोठं झालं की त्याला सगळ्या मशीन मोकळ्या. ज्यांच्यासाठी कायदा केला तीच पोरं स्वतःच्या हातानं त्याच्या बाहेर जाऊन उभी राहतात. आणि आम्ही त्यांना पास काढून देतो. मी कैक काढलेत.

ताई खिडकीत असली की मात्र काढू द्यायची नाही. आधारवरची जन्मतारीख ती फारशी बघायचीच नाही. पोरांना ती तारीख झोपेतून उठवून विचारली तरी पाठ असते. ती कार्ड परत द्यायची आणि अगदी सहज विचारायची, "लॉकडाऊन लागलं तेव्हा कितवीत होतास?"

या प्रश्नाला खोटं बोलायचं पोरांच्या ध्यानातच येत नसे. गेल्या वर्षी एक आला होता परभणीकडचा. गाल बसलेले, आवाज मुद्दाम जाड केलेला, कार्डावर वय एकोणीस. तिनं विचारल्याबरोबर त्याचा चेहराच उजळला.

"चौथीत होतो ताई! परीक्षाच झाली न्हाई, सगळ्यांना पास केलं!"

एवढं बोलून त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. कान लाल झाले. मी मोठ्यानं हसलो. ती हसली नाही.

"जा. अठरा झाले की ये. मी हितंच असते," ती म्हणाली आणि पुढच्याला हात केला.

असं तिनं अकरा वर्षांत किती जणांना परत पाठवलं कोण जाणे. लॉकडाऊनच्या आधी तिचे दुसरे प्रश्न होते. धाकटा भाऊ कितवीत, तुझ्याहून किती लहान, असले. कुणाला ती रागावली नाही, कुणाला शिकण्याचे फायदे सांगितले नाहीत, कुणाची दयाही केली नाही. ते सगळं मी करायचो. जयदीप वैतागायचा. "ताई, तुम्ही माझ्या पगारावर हायत का लेबर ऑफिसच्या?" असं तो तोंडावर विचारायचा. ती म्हणायची, "तुमच्याच." आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तोच प्रश्न.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नाहीत, तिसरं अर्धं आहे. उरलेल्या हाताला म्हणे काही कळत नाही. टपरीवरचा चहा आम्ही रुमालात धरतो, ती तो काचेचा ग्लास त्या हातात तसाच धरून उभी राहायची. मी एकदा म्हणालो, "ताई, भाजेल." तर म्हणाली, "भाजतं आसल. कळत न्हाई." लिहायची डाव्या हातानं. चाकण पट्ट्यात गेलेली बोटं ही काही विचारपूस करण्यासारखी गोष्ट नाही. आमच्या बसमध्येच तसले चार हात आहेत. म्हणून मीही कधी विचारलं नाही.

आता जे सांगतो ते तिनं मला या दिवाळीच्या आधी सांगितलं. बस मोशीच्या पुढं अडकली होती, तास दीड तास. तिचा आवाज शेवटपर्यंत एका पट्टीत होता. मधेच ती म्हणाली, "खिडकी लावा, धूळ येतीय," आणि पुन्हा तिथूनच पुढं सुरू केलं.

ती औसा तालुक्यातली. दोन हजार चार साली वडिलांबरोबर दापोडीला आली तेव्हा नुकतीच दहावी झाली होती. वय सोळा. वडील भोसरीत एका वर्कशॉपला हेल्पर होते आणि शेजारच्या प्रेस शॉपमध्ये पोरी घेत होते. पोरींचे हात चपळ असतात, म्हणून. मालकानं सांगितलं, दाखल्यावर अठरा पाहिजे. गावाकडं पेटीत थोरल्या बहिणीचा शाळेचा दाखला होता. विजयश्री तीन वर्षांनी मोठी. तिचं लग्न ठरलं होतं, ती नोकरीला जाणार नव्हती, तेव्हा तो दाखला नुसता पडूनच होता. बहिणीची साडी नेसतो आपण, तसाच घरात कुणीतरी तो काढला आणि दुर्गाच्या हातात दिला. विजयश्रीनंच दिला. आमच्या लोकांत याला कुणी खोटं म्हणत नाही. एका घरातली वस्तू दुसऱ्यानं वापरली, एवढंच.

त्या दिवसापासून दुर्गा कामावर विजयश्री झाली. वय एकोणीस.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच साचा खाली येतो. म्हणजे साचा पडताना दोन्ही हात बाहेर असतात. पण त्यात वेळ जातो. म्हणून तिथं एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं उरलेलं बटण. चौथ्या महिन्यात, पहिल्या पाळीत, चहाच्या थोडं आधी, उजवा हात आत असताना डाव्यानं बटण दाबलं गेलं.

"दुखलं का?" मी विचारलं. काय मूर्खासारखा प्रश्न, पण तोंडातून गेला.

"न्हाई," ती म्हणाली. "आवाज रोजचाच आला. मी पत्रा काढायला गेले तर पत्रा धरता येईना."

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सरकारी साहेब आले, कारखान्यांची तपासणी करणारे. पायाशी वडील उभे होते. मालकाच्या माणसानं आणलेलं शहाळं खाटेखाली होतं. साहेबांनी फाइल उघडून विचारलं, "वय किती तुझं?"

ती म्हणाली, "एकोणीस."

साहेबांनी पेन थांबवलं. तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मग पुन्हा विचारलं, "नक्की?"

"व्हय."

त्यांनी लिहिलं आणि गेले.

"मला कुणी दटावलं न्हवतं, नागसेन," ती मला म्हणाली. "बापानं डोळाबी वटारला न्हाई. दाखल्यावर एकोणीस हुतं म्हणून मी एकोणीस म्हणाले. आन त्यांनी दोनदा इचारलं. दोनदा."

सोळा म्हणाली असती तर मालकावर खटला झाला असता. मशीन बंद झालं असतं. तिथल्या बाकीच्या पोरींची वयं निघाली असती, आणि त्यातल्या चार तरी घरी गेल्या असत्या. पण जखमी झालेली बाई एकोणीस वर्षांची, तिला कामगार विमा, तिला अपंगत्वाची पेन्शन, सगळं रीतसर. टेप काढायला सांगितली. काढली. पंधरा दिवसांनी पुन्हा लावली. त्याच मशीनवर मग सोनू नावाची पोर उभी राहिली. दापोडीचीच, दुर्गाच्या खोलीसमोर राहायची. वय पंधरा. दुर्गाच्या हाताला अजून पट्टी होती तेव्हा सोनूच्या डाव्या हाताची चारही बोटं गेली.

"आता कुठं असते सोनू?" मी विचारलं.

"गावाकडं गेली. पुढचं ठाऊक न्हाई. मी इचारलंच न्हाई कधी कुणाला."

असं म्हणून तिनं बाहेर बघितलं. ती ट्रकच्या मागची अक्षरं वाचत होती. मला वाटतं, बोटं गेली त्या दिवशी नाही, सोनूची गेली त्या दिवशी तिच्या आत काहीतरी बंद झालं. तिनं लग्न केलं नाही. आई-वडील गेले तेव्हा, ती सांगते, तिला रडू आलं नाही. लोकांनी नावं ठेवली. तिला तेही लागलं नाही.

पण पोट चालत राहिलं, आणि चाललं ते बहिणीच्या नावावर. पेन्शन विजयश्रीची, आधार आलं तेव्हा तेही त्याच दाखल्यावरून काढलं, पुढं आमच्या कंपनीतली नोकरीही. दुर्गा नावाची बाई कुठल्याच कागदावर उरली नाही.

आणि खरी विजयश्री? ती दिघीला राहते. नवरा ज्योतीराम टेम्पो चालवायचा. गेल्या वर्षी अपघातात त्याचा पाय मोडला आणि नीट जुळलाच नाही. तो घरी बसला. विजयश्री दोन घरची धुणीभांडी करायची, तेवढ्यात भागेना. शेवटी एका मोठ्या कंपनीच्या कँटीनमध्ये तिला पोळ्यांचं काम मिळालं. पक्कं काम, विम्यासकट. आठ दिवस गेली. नवव्या दिवशी तिथल्या क्लार्कनं बोलावलं. बाई, तुमचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, गाव, सगळं जुळणारी एक बाई विम्यात आधीच आहे. तिला दोन बोटं नाहीत, ती पेन्शन खाते. तुम्ही कोण? विजयश्रीनं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवून दाखवले. क्लार्क म्हणाला, तेच तर. आधी हा घोळ मिटवून या, मग कामावर या.

ती काय मिटवणार? मिटवायचं म्हणजे धाकट्या बहिणीवर खोटेपणा लावायचा. ती गप्प घरी आली. तिची मुलगी साक्षी यंदाच दहावी झालेली, एकाहत्तर टक्के, अकरावीला नाव घातलेलं. दसऱ्याच्या आसपासच्या एका रविवारी विजयश्रीनं दुर्गाला जेवायला बोलावलं. ताट वाढलं आणि सांगितलं, साक्षी तुमच्या कंपनीत येईल. ज्योतीरामच्या भावाची मुलगी करिष्मा एकोणीसची आहे, तिचं आधार घेऊन येईल. फोटो कुठं कुणाचा कळतोय.

"ती सोळाची हाय, अक्का," दुर्गा म्हणाली.

"तू किती हुतीस?"

"म्हणून तर."

"म्हणून तर काय? गेटवर तूच बसायलीस ना? दुसऱ्या कुणाच्या पाया पडायचंय का मला?" विजयश्रीचा आवाज चढला. "वीस वर्सं माझं नाव खायलीस. मी कधी इचारलं का? माझ्या नावानं तुला पेन्शन, माझ्या नावानं नोकरी. आन मला माझ्या नावानं पोळ्या लाटायलाबी कुणी घेईना. मग माझी पोर जाऊ नये तर कुणी जावं?"

साक्षी तिथंच भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मावशी, मी पॅकिंगला राहीन. मशीनवर जाणारच नाही." दुर्गाला माहीत होतं, आणि मलाही माहीत आहे, पॅकिंगला घेतलेली पोर आठवड्याभरात कुठं उभी असते. एखादा ऑपरेटर आला नाही की सुपरवायझर समोर दिसेल त्याला ओढतो. पास एकोणीसचा असला की कुणी विचारत नाही.

"मी जेवले आन आले," ती मला म्हणाली.

आता जे पुढं झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

गुरुवार होता. रांगेत बावीस-तेवीस जण. मी खाली मान घालून टाइप करत होतो. खिडकीतून एक कार्ड आत आलं, मी नाव बघितलं, करिष्मा, वय एकोणीस, आणि सवयीनं नाव टाकूनही मोकळा झालो. पास छापायचा तेवढा बाकी. वर बघितलं तर एक सडपातळ पोरगी, केस घट्ट बांधलेले, ओढणी खांद्यावर पिन लावून. मला काही वेगळं वाटलं नाही. मी पास काढला असता. हे लिहून ठेवतो, कारण नंतर मी लोकांना वेगळं सांगण्याची शक्यता आहे.

ताईनं कार्ड हातात घेतलं. रोजच्यापेक्षा जास्त वेळ घेतलं. मग रोजच्याच आवाजात विचारलं, "लॉकडाऊन लागलं तेव्हा कितवीत होतीस?"

पोरगी क्षणभरही थांबली नाही. "आठवीत, मॅडम."

हिशोब बरोबर जुळत होता. एकोणीसचं पोर तेव्हा आठवीतच असणार. आजवर एवढं चोख उत्तर कुणी दिलं नव्हतं, आणि म्हणूनच मी मान वर केली. नंतर कळलं, हा गेटवरचा प्रश्न ताईनंच कधीतरी बहिणीच्या घरी गंमत म्हणून सांगितला होता.

ताई कार्डाकडं बघत होती. मागचा पोरगा म्हणाला, "चला की, उशीर होतोय." जयदीप आतून ओरडला, आज चार ऑपरेटर आले नाहीत, लवकर सोडा. माझं बोट प्रिंटच्या बटणावर होतं.

"पाचवीत होतीस," ताई म्हणाली.

पोरीनं तिच्याकडं बघितलं.

"त्या एप्रिलात ऑनलाइन शाळेला माझा मोबाइल नेला होतास. काच फोडून आणलास. पाचवीचा वर्ग होता. बाईंचं नाव पण सांगू का?"

"मावशी," पोरगी हळूच म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "मावशी, आईला काय सांगू?"

ताईनं खिडकीतून कार्ड बाहेर सरकवलं. "अठरा झाले की ये," ती म्हणाली. यावेळी "मी हितंच असते" म्हणाली नाही. पोरगी ओढणीनं तोंड पुसत चौकाच्या दिशेनं चालत गेली. ताईनं पुढच्याचं कार्ड मागितलं आणि त्यालाही तोच प्रश्न विचारला. मी करिष्माचं नाव खोडलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये तिला बहिणीचा फोन आला. शेजारी बसलेल्या मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता, एवढी ती बाई ओरडत होती. ओरडून झाल्यावर मात्र ती रडायला लागली आणि रडत रडत एकच वाक्य बोलली. "मग माझं नाव परत दे, दुर्गे."

ताई म्हणाली, "बरं."

फोन बंद झाला. दुर्गा कोण, असं मी विचारलं. तेव्हा मोशीच्या पुढं बस अडकली आणि तिनं मला ते सगळं सांगितलं, जे मी वर लिहिलंय. शेवटी मी तिला समजवायला लागलो. मला समजवायला फार आवडतं. म्हणालो, ताई, असं काही करू नका. पेन्शन जाईल, नोकरी जाईल, वर चौकशी लागेल. साक्षीला तुम्ही वाचवलंत, झालं ना काम? तिनं ऐकून घेतलं.

"साक्षी उद्या दुसऱ्या गेटवर जाईल," ती म्हणाली. "तिथं कोण इचारनार हाय? अक्काला काम मिळालं तर ती शाळेत जाईल. अक्काचं काम माझ्यापाशी अडकलंय." मग थोडं थांबून म्हणाली, "सोनूला बोटं देता येत न्हाईत. नाव देता येतंय."

अकरा वर्षांत तिच्या तोंडून निघालेलं सगळ्यात मोठं भाषण ते.

सोमवारी तिनं जयदीपला सगळं सांगितलं. त्यानं आधी कपाळाला हात लावला, मग दार लावून घेतलं आणि मग तिला हात जोडले. "ताई, आजपासून तुम्ही हितं कधी नव्हता. मला कशात ओढू नका." त्याचं काम त्यानं चटकन उरकलं. दुपारपर्यंत तिचं कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. तिनं खिडकीतली पाण्याची बाटली उचलली, खुर्चीवरची चौघडी घडी करून पिशवीत घातली आणि गेली. आता त्या खुर्चीवर मी बसतो. विचारतो मीही, कितवीत होतास म्हणून. माझ्याच्यानं तिच्यासारखं शांत राहवत नाही. मी ओरडतो, पोरं हसतात, आणि काही जण निसटतातही.

मंगळवारी मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर विम्याच्या ऑफिसात गेलो. विजयश्रीही आली होती. दोघी बहिणी बाकड्यावर शेजारी बसल्या होत्या, मधे एका माणसाची जागा सोडून. टेबलामागचे साहेब तरुण होते, तिशीचे असतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि जुनी फाइल मागवली. फाइल यायला दोन तास लागले. आली तेव्हा तिचा दोरा हात लावताच तुटला.

"अपघाताच्या वेळी वय किती होतं तुमचं?" त्यांनी विचारलं.

"सोळा."

साहेबांनी फाइलमध्ये बघितलं. "इथं एकोणीस आहे. तपासणी अधिकाऱ्यांनी दोनदा खात्री केली असं लिहिलंय."

"व्हय. दोनदा इचारलं होतं."

"मग खरं काय?"

"सोळा," ती म्हणाली.

साहेब काही वेळ पेनाचं टोपण काढत घालत राहिले. मग म्हणाले, "बाई, तो कारखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली. मालक हयात आहेत की नाही कुणास ठाऊक. यातून आता कुणाला शिक्षा होणार नाही. झाला तर तुम्हालाच त्रास होईल. पेन्शन आजच थांबेल. कळतंय ना?"

"कळतंय. तुम्ही सोळा लिहा."

त्यांनी लिहिलं. विजयश्रीनं तोंडात पदर कोंबला. तिला नाव परत हवं होतं, पण ते असं मिळेल हे बहुतेक तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती बाकड्यावरून सरकली आणि मधली जागा भरून टाकली.

साहेबांनी जबाबाचा कागद फिरवून पुढं केला. "इथं सही करा. तुमच्या स्वतःच्या नावाची."

ताईनं डाव्या हातात पेन घेतलं. टोक कागदाला लावलं आणि थांबली. मला वाटलं, शेवटी घाबरली. तिनं पेन उचललं, पुन्हा टेकवलं. हात हलेना. मग माझ्या लक्षात आलं. दुर्गा हे नाव तिनं लिहिलं होतं ते उजव्या हातानं, गावच्या शाळेत, बोटं होती तेव्हा. डावा हात लिहायला शिकला तो दवाखान्यातून आल्यावर. एकवीस वर्षांत त्या हातानं हजारो सह्या केल्या, सगळ्या विजयश्रीच्या. स्वतःचं नाव त्या हातानं कधी लिहिलंच नव्हतं.

"सावकाश होऊ द्या," साहेब म्हणाले.

तिनं ओठ आत दुमडले आणि शाळेतल्या पोरीसारखी कागदावर वाकली. एकेक अक्षर काढायला तिला केवढा वेळ लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. लिहून झाल्यावर तिनं कागद माझ्याकडं सरकवला.

"बरोबर आलंय का?" तिनं विचारलं. "बघा जरा."

मी बघितलं. बरोबर होतं.